सुतळीमामा

सुतळी माझ्याकडे असते.
शंभर मीटर, दर पाच मीटरला लाल चिंधी.
अकरा वर्षांत सुतळी तीनदा बदलली,
चिंध्या त्याच, आमच्या हिच्या जुन्या परकराच्या.
कॉलेजच्या मस्टरवर मी प्रयोगशाळा परिचर,
चाळकेवाडीच्या सड्यावर सुतळीमामा.

एप्रिल. सकाळचे नऊ.
जांभा चपलेतून बोलायला लागलेला.
बावीस पोरं, एकोणीस डबे
(हे मी मोजतो, वहीत लिहायचं नसतं).

शिलवंत मॅडम म्हणतात, पुस्तकं मिटा.
पहिल्या धड्यात बाण काढलेत ना?
गवताकडून नाकतोड्याकडे,
नाकतोड्याकडून सरड्याकडे,
सरड्याकडून शिक्र्याकडे.
त्यातला एक बाण इथं पुसट झालाय.
कुठला, ते मला सांगू नका,
मोजून आणा.

पोरं वर बघतात.
वर पवनचक्कीची तीन पाती,
सावकाश, घुम् घुम्,
आणि बाकी आभाळ रिकामं.

मग दगडावर दगडाच्याच रंगाचं काहीतरी हलतं.
मान वर करतं
आणि गळ्याखालचा पंखा उघडतं,
निळा, काळा, नारिंगी.
दुकानदारानं भारी लुगड्याचा काठ
नुसता दाखवावा
आणि गिऱ्हाईक गरीब बघून घडी परत मिटावी,
तसं.

"सरळ चालत जायचं. हात हलवायचे नाहीत.
तो पळाला की जागच्या जागी थांबा,
पायाशी खडा ठेवा.
खड्यापासून त्याच्या जागेपर्यंत टेप लावा."

दहिवडीचा प्रद्युम्न विचारतो,
हे कशाचं माप, मॅडम?

"भीतीचं."

कुणी हसलं नाही.
मी टेपचं दुसरं टोक धरलं.

चक्क्यांखाली, माझ्या सुतळीच्या दोन्ही अंगांना,
बत्तीस सरडे. भीती: सव्वा मीटर.
दुपारी पलीकडच्या सड्यावर, जिथं पाती नाहीत
आणि एक खरूची वाऱ्यावर टांगल्यासारखी थांबलेली,
अकरा सरडे. भीती: चार मीटर आणि वर बोटं.
एक तर आम्ही बघायच्या आधीच गेला,
त्याचा आकडा कुठं लिहायचा
यावर पोरांचं भांडण झालं.

शाहीन मुजावर म्हणाली,
मग चक्क्या सरड्यांना मानवल्याच की!
पाखरं नाहीत, धाक नाही, पोरंबाळं भरपूर.

मॅडमनी कापडी पिशवी पुढं केली.
एकेक सरडा आत, पिशवी काट्याला,
वजन सांग, सोड.
इकडचे हलके निघाले.
तेवढेच नाकतोडे, तोंडं तिप्पट.
मला एकोणीस डबे आठवले,
पण मी परिचर, मी काही बोललो नाही.

"म्हणजे वाईट?" शाहीन.
"चांगलं, वाईट असा रकाना
तक्त्यात छापलेला नाही," मॅडम म्हणाल्या,
"तुला आखायचा असेल तर पेन्सिलनं आख."

माझा मेहुणा इथल्याच एका चक्कीच्या फाटकावर असतो.
पहिलं वर्षभर आवाजानं झोप नव्हती त्याला.
आता वारा पडून पाती थांबली
की दचकून उठतो,
बाहेर येऊन उभा राहतो.
त्याचं माप कुठल्या टेपनं घ्यायचं
हे विचारायचं मनात होतं.
बस हॉर्न वाजवत होती.

सुतळी गुंडाळत मी परत चक्कीखालून आलो.
उन्हं कलली होती. पात्याची सावली लांबून यायची,
सड्यावरून सरसर,
दगडावरून, गवताच्या वाळल्या काड्यांवरून,
त्या पंखावाल्याच्या पाठीवरून.
तो हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

मग ती माझ्यावरून गेली
आणि माझी मान आपोआप खाली झाली.
अकरा वर्षं. दर वेळी.

मागून शाहीन येत होती.
थांबली.
पायाशी एक खडा ठेवला,
वहीत काहीतरी लिहिलं.
मी विचारलं नाही.